दुराव्याची कैफियत

नवरा-बायकोचे दावे वर्ध्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षे चालविण्यात, आणि पुढे उतारवयात तशाच दाव्यांतील उभय पक्षांसमोर मध्यस्थ म्हणून बसण्यात माझे आयुष्य गेले. आणि या दीर्घ व्यवसायाने मला काय शिकविले असे कोणी विचारले, तर मी एवढेच सांगेन की, माणसे एकमेकांपासून दुरावतात तेव्हा त्यांच्यातील प्रेम आटलेलेच असते असे नाही. पुष्कळदा ते शाबूत असते, पण त्याहून जुन्या अशा दुसऱ्या एखाद्या निष्ठेला जागण्यासाठी माणूस ते दाबून ठेवतो. कायद्याच्या ग्रंथांत हे कोठे लिहिलेले नाही. ते तारखेमागून तारखेस, पक्षकारांच्या तोंडून, तुकड्या-तुकड्यांनी माझ्या ध्यानात येत गेले. आणि अलीकडे, सुटीत घरी आलेल्या पुतणीच्या आग्रहावरून एक थाई मालिका पाहत असता ते सारे तुकडे एकत्र जुळून आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

‘खू कम’ ही कथा थायलंडात घरोघरी ठाऊक आहे. १९६०च्या दशकात लिहिल्या गेलेल्या या कादंबरीवर तेथे अनेकवार मालिका आणि चित्रपट निघाले. १९९०ची मालिका त्या देशात विलक्षण गाजली, आणि २०१३ साली नव्या नटसंचासह तीच कथा पुन्हा पडद्यावर आली. आम्ही पाहिली ती ही नंतरची, खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचीत. काळ दुसऱ्या महायुद्धाचा आहे. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य थायलंडात उतरले, आणि बांगकोकच्या नदीकाठी जपानी आरमाराच्या गोदीवर कोबोरी नावाचा एक तरुण अधिकारी आला. जवळच, पाण्याकाठच्या घरात, आई आणि आजी यांच्यासह अंगसुमालिन ही मुलगी राहते. खिम नावाचे तंतुवाद्य ती सुरेख वाजविते, परकीय सैन्याचा मनापासून तिरस्कार करते, आणि इंग्लंडला शिकावयास गेलेल्या एका तरुणाला तिने वाट पाहण्याचे वचन दिलेले आहे. राजकारणाच्या निकडीपोटी तिचे लग्न कोबोरीशी लावले जाते. कोबोरीचे तिच्यावर प्रेम आहे. तिचेही मन हळूहळू त्याच्याकडे ओढले जाते. परंतु एका छपराखाली राहून, त्याचे मूल पोटात वाढत असूनही, ती तसे त्याला कधी सांगत नाही. युद्धाच्या अखेरच्या काळात मित्रराष्ट्रांची विमाने बांगकोक नोई स्थानकावर बॉम्ब टाकतात, ढिगाऱ्यात अडकलेल्या नवऱ्याला ती शोधून काढते, आणि मग, तो प्राण सोडीत असता, तिच्या तोंडून तो शब्द निघतो.

पुतणीने डोळे पुसले. माझे मन मात्र सवयीप्रमाणे या प्रकरणात दाव्यास कारण काय, हे शोधीत होते. व्यसन नाही, हुंडा नाही, परस्त्री नाही. वचन दिलेला तो दुसरा तरुणही दूर देशी आहे. या बाईला नवरा नकोसा झालेला नाही, हे पाहणाऱ्याला स्वच्छ दिसते. तिला नकोसे झाले आहे ते त्याच्यावर प्रेम करून फितूर ठरणे. देशाशी, दिलेल्या शब्दाशी, शेजाऱ्या-पाजाऱ्यांसमोर ताठ ठेवलेल्या मानेशी ती इमान राखते आहे, आणि त्या इमानाची किंमत म्हणून नवऱ्याशी रोज थोडी थोडी कठोर होते आहे. हे लक्षात आले तेव्हा मला सेलू तालुक्यातील एक मुलगी आठवली. माहेरी येऊन तिला दोन पावसाळे लोटले होते. मध्यस्थीच्या खोलीत, बाकी सर्वांना बाहेर पाठविल्यानंतर, ती मला म्हणाली होती, “मी त केव्हाचीच गेली असती वकीलबाई, पण माह्या बापाची मान खाली झाली असती न.”

त्या प्रकरणाची हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण तशी प्रकरणे मी पुष्कळ पाहिली. मुलीच्या भावाच्या लग्नात जावयाचा मानपान राहिला. अहेराच्या वेळी त्याचे नाव पुकारले गेले ते धाकट्या साडूच्या नंतर. जावई न जेवता मांडवातून उठला. मुलीचा बाप चार माणसांत त्याला एक शब्द टाकून बोलला. आणि ती रात्र माहेरी काढण्यासाठी राहिलेली मुलगी पुढे माहेरीच राहिली. मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी वकील केले. नवऱ्याच्या वतीने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली बायको नांदावयास यावी असा अर्ज. बायकोच्या वतीने तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीची मागणी. तिला उत्तर म्हणून कैफियत, कैफियतीला उत्तर म्हणून प्रतिज्ञापत्र. दोन्ही बाजूंच्या कागदांत त्या मांडवाचा उल्लेख शोधूनही सापडला नसता. तेथे क्रूरता होती, दुर्लक्ष होते, मानसिक छळ होता. कारण कायद्याच्या चौकटीत बसण्यासाठी दुःखाला तीच वस्त्रे नेसावी लागतात.

अर्जाचा मसुदा करताना वकील पक्षकाराला विचारतो ते सगळे दोषांविषयी. केव्हा मारले, काय बोलले, किती मागितले, साक्षीदार कोण. नवऱ्याने कधी तापात उशाशी बसून रात्र काढली काय, बायकोने त्याच्यासाठी कधी उपाशी वाट पाहिली काय, हे विचारण्याचे त्याला कारण नाही, आणि विचारले तरी लिहिण्यास जागा नाही. म्हणून मिसल जसजशी जाड होत जाते, तसतसे त्या दोघांनाही आपल्या संसारात दोषांखेरीज काही नव्हतेच असे वाटू लागते. आपलाच अर्ज पुकारा होईपर्यंत बाकावर बसून वाचणारी माणसे मी पाहिली आहेत. वाचता वाचता त्यांचे चेहरे कठीण होत जातात. दुसऱ्याने लिहिलेली आपली कहाणी त्यांना अखेर खरी वाटू लागते. आणि रोजनाम्यात त्या दिवसाची नोंद होते ती एवढीच: उभय पक्ष हजर, तडजोड नाही, पुढील तारीख.

वास्तविक १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातच, कलम २३मध्ये, न्यायालयाने निवाड्यापूर्वी शक्य तेथे दोघांत समेट घडविण्याचा प्रयत्न करावा अशी तरतूद आहे. माझ्या वकिलीच्या आरंभीच्या काळात तो प्रयत्न म्हणजे न्यायाधीशांच्या दालनात काही मिनिटे उभे राहणे असे. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ने मध्यस्थीला रीतसर स्थान मिळाले, चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतलेले मध्यस्थ तयार झाले, आणि मीही त्यांत दाखल झाले. वकील असताना मी एका बाजूची होते. मध्यस्थ झाल्यावर पहिल्याने मला दोन्ही बाजू एकाच दिवशी, एकाच खोलीत ऐकावयास मिळाल्या. टीव्हीवरची मालिका पाहणाऱ्याला जो अधिकार सहज मिळतो, म्हणजे दोघांचीही मने आतून पाहण्याचा, तो मला इतक्या वर्षांच्या वकिलीनंतर मिळाला. मध्यस्थीत बोललेले पुराव्यात वापरता येत नाही, या एका नियमाने जेवढी कुलपे उघडतात तेवढी कोणत्याही उलटतपासणीने उघडत नाहीत.

त्या सेलूच्या प्रकरणात पहिल्या काही बैठका निष्फळ गेल्या. शेवटी निदान मुलीच्या वस्तू तरी परत द्याव्यात असे ठरले, आणि नवऱ्याने एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोत सामान भरून न्यायालयाच्या आवारात आणले. यादीप्रमाणे एकेक वस्तू उतरू लागली: कपाट, गुंड, पितळी परात, ताटे, आणि पायाने चालवावयाची शिलाई मशीन. मुलगी निर्विकारपणे उभी होती. मशीनपाशी मात्र ती थबकली, खाली वाकली, आणि चाकावरचा चामड्याचा पट्टा तिने बोटाने दाबून पाहिला. तो नवा होता. जुना पट्टा ती माहेरी येण्यापूर्वीच तुटलेला होता, हे तिने मला मागाहून सांगितले. शटलमध्ये तेल घातलेले होते, आणि वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता, धूळ बसू नये म्हणून. तिने एकच प्रश्न विचारला, “पट्टा कोणं टाकला?” नवरा टेम्पोच्या पाठीमागे उभा राहून दोरी गुंडाळीत होता, त्याने उत्तर दिले नाही, आणि त्याच्या उत्तराची गरजही उरली नव्हती. बायको परत येईल याची आशा नसताना, वस्तू ताब्यात देण्याच्या तयारीत, त्या माणसाने हिंगणघाटच्या बाजारातून पट्टा आणून बसविला होता. हा पुरावा कोणत्याही कैफियतीत नव्हता.

तरीही ती त्या दिवशी गेली नाही, आणि हेच मला मुद्दाम सांगावयाचे आहे. प्रेमाचा पुरावा हाती आला म्हणजे दुरावा संपतो असे कथांमध्ये घडते. प्रत्यक्षात तिच्या पायांत अडकलेली बेडी तेथेच होती. ती सुटली ती पुढच्या तारखेस, बापाच्या एका वाक्याने. मी त्या म्हाताऱ्याला एकट्याला आत बोलाविले आणि मुलगी जे बोलली होती ते, तिची परवानगी घेऊन, जसेच्या तसे सांगितले. तो बराच वेळ टोपी हातात फिरवीत बसला. मग बाहेर जाऊन, व्हरांड्यात, सर्वांसमक्ष मुलीला म्हणाला, “बाई, माह्या मानेची काळजी तू नोको करू. तुले जायचं असन त जाय, राह्यचं असन त राह्य.” ती गेली, वेगळे बिऱ्हाड करण्याची अट घालून गेली, आणि ती अट सासरच्यांनी मान्य केली. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकरणात पहिल्याने हे पाहू लागले की, हे दोघे कोणाच्या वतीने भांडत आहेत, आणि त्या माणसापासून त्यांची सुटका कशी करता येईल.

आता पुन्हा त्या मालिकेकडे वळते. ‘खू कम’ची लेखिका ज्या नावाने लिहीत असे ते नाव ऐकून मी चकित झाले होते. ते नाव ‘दमयंती’. थाई उच्चारात ‘थोम्मयंती’. तिचे मूळ नाव विमोन चियमचरोएन, आणि २०२१ साली तिचे निधन झाले. आपल्या विदर्भाची राजकन्या त्या देशात पोहोचली याचे नवल नाही, कारण १९१० ते १९२५ या काळात गादीवर असलेला तेथील राजा वजिरावुध हा स्वतः कवी होता आणि नल-दमयंतीची कथा त्याने थाई काव्यात लिहिली आहे. शकुंतलेवरही त्याने नाटक रचले. आमच्या आर्वी तालुक्याच्या शिवेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर, अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे आणि दमयंतीचे माहेर म्हणून त्या गावाची ख्याती आहे. दुरावलेल्या दांपत्याची जी एक फार जुनी कथा आपल्याजवळ आहे, तिची नायिका या नदीकाठची, आणि दुरावलेल्या दांपत्याची थायलंडातील एक लाडकी कथा लिहिणारीने नाव घेतले तेही तिचेच.

त्या जुन्या कथेत मला आता जे दिसते ते पूर्वी दिसत नसे. नळ दमयंतीला अरण्यात निजलेली टाकून जातो, त्यात प्रेमाचा अभाव नाही; द्यूतात सर्वस्व घालविलेल्या पुरुषाची लाज आहे. तो परत येतो तोही विद्रूप होऊन, बाहुक या नावाने, सारथी म्हणून. दमयंती त्याला एकदम सामोरी जात नाही. ती केशिनी नावाच्या दासीला त्याच्याकडे पाठविते. केशिनी त्याचे वागणे न्याहाळते, त्याने रांधलेले अन्न दमयंतीला चाखावयास आणून देते, आणि अखेर दोन्ही मुलांना त्याच्यापुढे नेऊन उभी करते. मुलांना पाहून तो रडतो. केशिनी कोणाचा दोष काढीत नाही, कोणाला उपदेश करीत नाही; ती फक्त जे दिसले ते इकडून तिकडे नेते, आणि नेताना त्यात आपले काही मिसळीत नाही. मध्यस्थाच्या कामाचे याहून अचूक वर्णन मला प्रशिक्षणाच्या त्या चाळीस तासांतही मिळाले नाही.

परंतु येथे एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत नोंदविली पाहिजे. ‘खू कम’मध्ये कोबोरी एकदा पत्नीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर बळजबरी करतो, आणि कथा त्या प्रसंगावरून पुढे सरकते. मी सरकू शकले नाही. पुतणीला तेथेच मालिका थांबविण्यास सांगून मी तिच्याशी पुष्कळ बोलले. कारण ज्या स्त्रिया पदराखाली वळ लपवून माझ्यासमोर बसल्या, त्यांना घरच्यांनी हेच सांगितलेले असे, की त्याचे तुझ्यावर प्रेम आहे. पुलगावकडच्या एका बाईला तिचे दोन्हीकडचे नातलग तडजोडीसाठी घेऊन आले होते. ती काहीच बोलेना. एकटीला आत घेतल्यावर तिने बाहीचे बटन काढले आणि हात टेबलावर ठेवला. मी ती मध्यस्थी तेथेच थांबविली, तडजोड शक्य नाही एवढाच अहवाल पाठविला, आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिला काय काय देतो, संरक्षण अधिकाऱ्याकडे कसे जावे, राहत्या घराचा हक्क कसा मागावा, हे सांगणाऱ्या वकिलाची तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य व्यवस्था करून दिली. नातलग माझ्यावर रुष्ट झाले. जेथे भय आहे तेथे समेट हा शब्द उच्चारू नये, ही माझ्या व्यवसायाची दुसरी शिकवण.

पत्नीच्या मर्जीच्या बाबतीत महाराष्ट्र फार पूर्वीपासून एका स्त्रीचे देणे लागतो. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. अजाण वयात आपल्या संमतीवाचून झालेल्या लग्नाने आपण बांधले जात नाही, असे ती म्हणाली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५मध्ये दावा फेटाळला. अपिलानंतर प्रकरण फिरून आले, आणि १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिने नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगवास भोगावा असा हुकूम दिला. ती तुरुंगात जाण्यास तयार झाली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची सेवा केली. त्यांचे निधन १९५५ साली झाले, आणि त्याच वर्षी अमलात आलेल्या नव्या कायद्यातही कलम ९च्या रूपाने हा दावा कायम राहिला; या हुकूमनाम्यासाठी कोणाला तुरुंगात टाकण्याची सोय मात्र त्याआधीच गेली होती. कलम ९चा कोणताही अर्ज हाती आला की, मी रखमाबाईंचे स्मरण करून आधी विचारीत असे: तिला यावयाचे आहे काय?

आणि यावयाचे नसेल तर नीट निरोप घेता येतो, हेही मी पाहिले आहे. एक शिक्षक आणि एक परिचारिका, दोघेही सुस्वभावी. एकमेकांशी पटत नाही हे त्यांना लग्नानंतर काही वर्षांनी उमगले. १९७६च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३-बखाली परस्पर संमतीचा अर्ज करून ते कायद्याने सांगितलेले सहा महिने थांबले. दुसऱ्या तारखेपूर्वी बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मुलीच्या शाळेचे, सुट्यांचे, आजारपणात कोणी रजा घ्यावयाची याचे कलमवार टाचण स्वतःच्या हाताने लिहिले, आणि ते लिहिताना एकदा दोघेही मुलीच्या कोणत्याशा आठवणीने हसले. त्या टाचणात वकिलांना एक शब्दही बदलावा लागला नाही. त्यांचे लग्न मोडले. पण खरे बोलणे वेळेवर झाले म्हणून त्यांच्यात वैर आले नाही. अंगसुमालिन आणि कोबोरी यांचे लग्न अखेरपर्यंत टिकले, आणि बोलणे मात्र ढिगाऱ्याखाली झाले. या दोहोंत अधिक दुःखाचे कोणते, याविषयी माझ्या मनात आता संदेह नाही.

निष्ठा मोठी गोष्ट आहे. तिची मी निंदा करीत नाही. युद्धाच्या काळात परदेशी अधिकाऱ्याविषयी मन कठोर करणाऱ्या मुलीला दोष देणे मला जमणार नाही. परंतु ज्या डिसेंबरात जपानी फौजा बांगकोकात शिरल्या, त्याच सुमारास आमच्या सेवाग्रामात काय घडले ते या जिल्ह्यातील लोकांना ठाऊक आहे. आश्रमात एक जपानी बौद्ध भिक्षू राहत असे. जपान युद्धात उतरताच पोलिसांनी येऊन त्याला ताब्यात घेतले. गांधीजींनी त्याचा मंत्र आश्रमाच्या रोजच्या प्रार्थनेत कायम ठेवला. जपानच्या आक्रमणाला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी स्पष्टपणे लिहून कळविला. परंतु त्या विरोधासाठी एका माणसाविषयीचा स्नेह नाकारण्याची त्यांना गरज भासली नाही. पक्ष आणि माणूस यांच्यातील हा विवेक मोठ्या राजकारणात दुर्मिळ, आणि माहेर-सासरच्या लहान राजकारणात तर त्याहून दुर्मिळ.

आता तरुण वकील माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा मी त्यांना मसुद्याच्या युक्त्या सांगत नाही. अर्ज लिहावयास घेण्यापूर्वी पक्षकाराला एकटे बसवून एक प्रश्न अवश्य विचारा, असे सांगते: कोणाचा मान, कोणाचा शब्द, कोणाचा राग तू वाहतो आहेस? उत्तर मिळाले तर त्या माणसाला बोलावून घ्या. आणि आईबापांना माझे सांगणे याहून साधे आहे. तुमच्या लेकरांच्या भांडणात तुमची मान अडकलेली असेल तर ती तुम्हीच सोडवून घ्या, आणि तसे त्यांना तोंडाने, चार माणसांत सांगा. जायचे की राहायचे हे मग त्यांना ठरवू द्या. सेलूच्या त्या म्हाताऱ्याने जे केले ते करण्यास ना मुद्रांक लागतो ना वकीलपत्र, आणि कोणत्याही न्यायाधीशाला त्यासाठी हुकूम काढता येत नाही. ते घरातूनच यावे लागते, आणि पहिली तारीख पडण्यापूर्वी आले तर सर्वांत उत्तम.